‘केस’ झालेल्या बाईच्या हाती मूल सोपवावं का?

1. प्रश्न दोन्ही बाजूंनी येतो

विरारहून मुंबईला पहिली लोकल 1867 च्या एप्रिलमध्ये सुटली आणि तेव्हापासून हळूहळू या गावाचं सगळं घड्याळच गाडीवर लागलं. चर्चगेट इथून साठ किलोमीटर. साडेनऊचं ऑफिस गाठायचं तर सात-सव्वासातला घर सोडावं लागतं आणि परत येईतो रात्रीचे आठ वाजतात. एवढा वेळ मूल कुठे ठेवायचं? आजी जवळ असेल तर आजीकडे, नसेल तर पाळणाघरात. मनवेलपाड्यात, फुलपाड्यात, बोळींजमध्ये, ग्लोबल सिटीच्या टॉवरांत पाळणाघरं आहेत. कुठे प्री-स्कूलला जोडून पाटी लावलेली, कुठे वन-बीएचकेच्या हॉलमध्ये चटई अंथरून आठ-दहा मुलं सांभाळणारी एखादी काकू. तिथे हाताखाली काम करणाऱ्या ताई-मावश्या बहुधा जवळच्याच वस्तीतल्या असतात. कुणी बालवाडीचा कोर्स केलेली, कुणी घरकाम सोडून आलेली.

अशा ठिकाणी एक प्रश्न दबक्या आवाजात विचारला जातो, आणि तो दोन्ही बाजूंनी येतो. काम मागणारी विचारते, ‘माझ्यावर एक जुनी केस आहे, मला घेतील का?’ आणि मूल ठेवणारी आई विचारते, ‘हिच्यावर केस आहे म्हणतात, हिच्याकडे बाळ ठेवू का?’ दोघींचा प्रश्न रास्त आहे. पण दोघीही ‘केस’ हा एकच शब्द वापरतात, आणि त्या एका शब्दाखाली इतक्या निरनिराळ्या गोष्टी येतात की तो सुटा केल्याशिवाय उत्तर देताच येत नाही. या प्रकरणात तो सुटा करू. तो सुटा झाला की दिसतं ते असं: जुनी, किरकोळ आणि मुलांशी काही संबंध नसलेली नोंद पाहून दार लावून घेतल्याने मूल अधिक सुरक्षित होत नाही. दार लावणाऱ्याला मात्र वाटतं की आपलं काम झालं, आणि ज्या गोष्टींनी मूल खरोखर सुरक्षित राहतं त्या करायच्या राहून जातात.

2. ‘केस’ म्हणजे नेमकं काय?

ताप आला म्हणून डॉक्टरांनी रक्त तपासायला दिलं, एवढ्यावरून आपण कुणाला मलेरिया झाला असं म्हणत नाही. रिपोर्ट येतो, डॉक्टर तो वाचतात, मग निदान होतं. गुन्ह्याच्या कागदांचंही तसंच आहे. सगळ्यात खालची पायरी एनसी, म्हणजे अदखलपात्र गुन्ह्याची नोंद. नळावरून, पार्किंगवरून, गॅलरीतल्या पाण्यावरून शेजाऱ्यांची बाचाबाची झाली की दोघंही चौकीवर जातात आणि एकमेकांवर एनसी करून येतात. पोलीस ती लिहून घेतात, पण मॅजिस्ट्रेटच्या परवानगीशिवाय तिचा तपास करत नाहीत. तरी चाळीत बोलताना ‘तिच्यावर केस आहे’ असंच म्हटलं जातं. चॅप्टर केस ही आणखी वेगळी गोष्ट. शांतता भंग होईल अशी पोलिसांना भीती वाटली की ते माणसाकडून चांगल्या वर्तनाचा बाँड मागतात. तिथे कुणी गुन्हा केला असं ठरलेलंच नसतं.

त्याच्या वरची पायरी एफआयआर, म्हणजे दखलपात्र गुन्हा दाखल होणं. आपण ज्याला रक्त तपासायला देणं म्हटलं ते हेच. त्यानंतर तपास, मग आरोपपत्र, मग खटला, आणि शेवटी निकाल. निकालाचेही प्रकार आहेत. माणूस निर्दोष सुटतो. किंवा साध्या मारहाणीसारख्या प्रकरणात दोन्ही बाजू तडजोड करतात, आणि कायदेशीर तडजोड झाली की तिचा परिणाम निर्दोष सुटण्यासारखाच मानला जातो. किंवा उच्च न्यायालय गुन्हाच रद्द करतं. किंवा दोष सिद्ध होतो, पण 1958 च्या परिवीक्षा कायद्याखाली न्यायालय तुरुंगात न पाठवता समज देऊन किंवा चांगल्या वर्तनाच्या हमीवर सोडतं. त्या कायद्याचं कलम 12 सांगतं की अशा माणसाला दोषसिद्धीमुळे एरवी लागणारी अपात्रता लागू नये. दोष सिद्ध झाल्याची नोंद मात्र त्यामुळे पुसली जात नाही.

विरारकरांच्या रोजच्या जगण्यातला एक फरक इथे समजून घेण्यासारखा आहे. तिकीट नसताना टीसीने पकडलं तर भाडं आणि वर किमान 250 रुपये भरायचे, पावती घ्यायची, विषय संपला. पण पूल लांब पडतो म्हणून रूळ ओलांडताना आरपीएफने, म्हणजे रेल्वे सुरक्षा दलाने, पकडलं तर माणसाला रेल्वेच्या मॅजिस्ट्रेटसमोर उभं करतात. 1989 च्या रेल्वे कायद्याच्या कलम 147 मध्ये याला सहा महिन्यांपर्यंत कैद, हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही अशी शिक्षा आहे. प्रत्यक्षात बहुतेक जण ‘कबूल’ म्हणतात, दंड भरतात आणि पुढची गाडी पकडतात. दोन्ही वेळी हातात पावतीच येते, म्हणून लोकांच्या लेखी दोन्ही ‘फाइन’च. कायद्याच्या लेखी मात्र दुसऱ्या वेळचा ‘कबूल’ हा शब्द म्हणजे दोषसिद्धी. आरपीएफची ही प्रकरणं शहर पोलिसांच्या एफआयआरमध्ये नसतात, त्यामुळे पोलिसांचा चारित्र्याचा दाखला कोरा येऊ शकतो. आणि तीच बाई नोकरीच्या फॉर्मवर ‘आपणास कधी न्यायालयाने शिक्षा केली आहे काय?’ या प्रश्नापुढे निःशंक मनाने ‘नाही’ लिहिते. खोटं बोलायचा तिचा हेतू नसतो. ते पाच मिनिटांचं उभं राहणं म्हणजे खटला होता, हे तिला कुणी सांगितलेलंच नसतं.

3. अठरा वर्षांच्या आतलं

अठराव्या वर्षाआधी काही घडलं असेल तर काय, याचं उत्तर छोटं आणि ठाम आहे. 2015 च्या बाल न्याय कायद्यात ‘नव्याने सुरुवात’ हे तत्त्व म्हणून लिहिलं आहे. अठराच्या आत घडलेल्या गोष्टीमुळे पुढे अपात्रता लागत नाही, ठरावीक मुदतीनंतर त्या नोंदी नष्ट करायच्या असतात आणि चारित्र्याच्या दाखल्यासाठी पोलिसांनी त्या उघड करायच्या नसतात. सोळा ते अठरा वयात अतिगंभीर गुन्हा केल्याचं सिद्ध झालेले आणि प्रौढ म्हणून खटला चाललेले यांच्याबाबत अपवाद आहे. सतराव्या वर्षी मैत्रिणींबरोबर दुकानातून काहीतरी उचललं आणि प्रकरण बाल न्याय मंडळापुढे जाऊन मिटलं, अशा मुलीने बाविसाव्या वर्षी बालवाडीच्या मुलाखतीत त्याचं ओझं घेऊन बसायची गरज नाही.

4. कायदा काय मागतो आणि कुठे गप्प राहतो

लहान मुलांच्या लैंगिक छळाविरुद्धचा पोक्सो कायदा 2012 चा. त्याखालचे नवे नियम मार्च 2020 मध्ये लागू झाले. त्यात शाळा, पाळणाघरं, क्रीडा अकादमी अशा मुलांशी नित्य संबंध येणाऱ्या प्रत्येक संस्थेने आपल्या प्रत्येक कर्मचाऱ्याची, मग तो शिकवणारा असो वा नसो, कायम असो वा कंत्राटी, ठरावीक काळाने पोलीस पडताळणी आणि पार्श्वभूमीची चौकशी केली पाहिजे, असं म्हटलं आहे. ऑगस्ट 2024 मध्ये बदलापूरच्या शाळेत दोन चिमुकल्या मुलींवर अत्याचार झाल्याची तक्रार पुढे आली. आरोप होता तो सफाई कर्मचारी कंत्राटी पद्धतीने नुकताच कामावर आला होता. त्यानंतर राज्याच्या शालेय शिक्षण विभागाने त्याच महिन्यात शासन निर्णय काढून सीसीटीव्ही, तक्रारपेटी आणि नेमणुकीआधी कर्मचाऱ्यांची पोलिसांकडून चारित्र्य पडताळणी यांवर बोट ठेवलं. विरारमध्ये हा दाखला 1 ऑक्टोबर 2020 पासून सुरू झालेल्या मीरा-भाईंदर, वसई-विरार पोलीस आयुक्तालयाकडून घ्यायचा.

पडताळणी हवी, यात दुमत नाही. पण नियम इथे एक गोष्ट सांगत नाही. पडताळणीत काही निघालं तर काय करायचं? कुठल्या नोंदीवरून नाकारायचं, कुठली सोडून द्यायची? त्याची यादी नियमात नाही. ब्रिटनमध्ये नर्सरीत नोकरी धरणाऱ्या एखाद्या मराठी बाईची तपासणी होते तेव्हा तिथल्या व्यवस्थेने ही निवड आधीच केलेली असते. मुलांबरोबर काम करायला बंदी असलेल्यांची यादी वेगळी ठेवलेली आहे, गंभीर गुन्ह्यांची नोंद कायम दिसते, आणि तुरुंगवास न झालेली किरकोळ दोषसिद्धी प्रौढ वयातली असेल तर अकरा वर्षांनी दाखल्यावर येतच नाही. आपल्याकडे प्रौढांच्या बाबतीत नोंद अशी गाळण्याचा सर्वसाधारण कायदा नाही. लैंगिक गुन्हेगारांची राष्ट्रीय नोंदसूची 20 सप्टेंबर 2018 पासून आहे, पण ती फक्त तपास यंत्रणांना पाहता येते. त्यामुळे निवडण्याचं काम अखेर फुलपाड्यातल्या पाळणाघराच्या काकूवर येऊन पडतं. तिला कलमं कळत नाहीत, वेळ नसतो, आणि शेजारच्या आया काय म्हणतील याची धास्ती असते. मग ती सोपं करते: काही लिहिलेलं दिसलं की नको.

याचा फटका प्रशिक्षणालाही बसतो, आणि तो उशिरा बसतो. बालवाडी-नर्सरीच्या खासगी कोर्सला प्रवेश घेताना मार्कशीट आणि फी पाहिली जाते. दाखल्याचा विषय निघतो तो सरावासाठी प्रत्यक्ष मुलांमध्ये बसायची वेळ आल्यावर, नाहीतर थेट नोकरीच्या वेळी. तोवर वर्ष गेलेलं असतं आणि घरखर्चातून काढलेली फीही. म्हणून नोंद असलेल्या मुलीने फी भरण्याआधीच संस्थेला विचारून घ्यावं: सराव कुठे असेल आणि तिथे काय मागतात? आणि आपल्या प्रकरणाच्या निकालाची प्रमाणित प्रत न्यायालयातून काढून ठेवावी. ‘मिटलंय ते’ एवढं तोंडी सांगणं कामाला येत नाही. निकालाची प्रत येते.

5. न्यायालयांनी दिलेलं माप

निवडायचं कसं, याचं माप आपल्याकडे कायद्यात नसलं तरी निकालांमध्ये आहे. 2011 मध्ये दिल्ली पोलिसांतल्या भरतीचं प्रकरण सर्वोच्च न्यायालयापुढे होतं. उमेदवार विशीत असताना मारामारीच्या गुन्ह्यात अडकला होता, तडजोड होऊन सुटला होता आणि अर्जात त्याने ते लिहिलं नव्हतं. न्यायालयाने त्याच्या बाजूने निकाल देताना तरुण वयातल्या चुकांकडे समजुतीने पाहायला हवं, असं म्हटलं. 2016 मध्ये अवतार सिंग प्रकरणात तीन न्यायमूर्तींच्या पीठाने सगळं एकत्र आणलं. माहिती खरी दिली पाहिजे. पण घोषणा देण्यासारखं किंवा तसंच क्षुल्लक प्रकरण लपवलं गेलं असेल तर मालक ते सोडून देऊ शकतो. फॉर्ममधला प्रश्नच मोघम असेल तर लपवल्याचा ठपका ठेवता येत नाही. आणि सगळं खरं सांगितलं तरी माणूस कामाला योग्य आहे का, हे तपासण्याचा मालकाचा अधिकार उरतोच. 2019 मध्ये स्टेट बँकेतल्या एका शिपायाचं प्रकरण आलं. मारहाणीत दोषी ठरून तो परिवीक्षेवर सुटला होता. ‘नैतिक अधःपतन’ हा सरकारी कागदांत वारंवार येणारा शब्द. मनाचा नीचपणा किंवा विकृती दाखवणारं कृत्य, असा त्याचा ढोबळ अर्थ. प्रत्येक गुन्हा त्यात बसत नाही आणि साधी मारहाण तर नाहीच, असं न्यायालय म्हणालं.

ही प्रकरणं सरकारी आणि बँकेच्या नोकऱ्यांची आहेत, खासगी पाळणाघराला ती जशीच्या तशी बंधनकारक नाहीत. पण त्यांतून चार प्रश्न हाती लागतात आणि ते कुणालाही विचारता येतात. प्रकरण कशाचं होतं? निकाल काय लागला? किती वर्षं झाली? आणि या कामाशी त्याचा काय संबंध? तांदूळ निवडताना आपण खडा काढतो, फुटका दाणा ठेवतो आणि सालपट फुंकरीने उडवतो. ताटच्या ताट कुणी कचऱ्यात ओतत नाही. तसं निवडायचं ठरलं की काही खडे लगेच दिसतात. मुलांवरचा कुठलाही अत्याचार, लैंगिक गुन्हा, मुलांकडून काम करून घेतल्याचा गुन्हा, मुलांना पळवणं-विकणं, गंभीर हिंसा. यांत दोष सिद्ध झाला असेल तर कितीही वर्षं झाली तरी पाळणाघरात जागा नाही. असा खटला चालू असेल तर निकाल लागेपर्यंत नाही. याबाबत जराही ढिलाई नको, असं मला वाटतं.

6. ‘पण मुलांच्या बाबतीत जोखीम कशाला घ्या?’

हा सगळ्यात वजनदार आक्षेप आहे, आणि आईच्या तोंडून आला की त्याला उत्तर देणं जड जातं. अर्जदार भरपूर आहेत, मग कोरा दाखला असलेलीच घेऊ की! पण यात धरून चाललेली गोष्ट अशी की कोरा दाखला म्हणजे कमी धोका. तिथेच हिशेब चुकतो. केंद्राच्या महिला व बालविकास मंत्रालयाने 2007 मध्ये 13 राज्यांतल्या 12,447 मुलांशी बोलून अभ्यास केला. त्यात छळ करणाऱ्यांपैकी निम्मे मुलाच्या ओळखीचे किंवा विश्वासाच्या जागेवरचे होते. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या अलीकडच्या अहवालांत पोक्सोखालच्या बलात्काराच्या प्रकरणांत आरोपी ओळखीचा असण्याचं प्रमाण नव्वद टक्क्यांहून वर आहे. विश्वासातली माणसं म्हणजे बहुतेकदा ज्यांच्याबद्दल आधी कुणी तक्रार केलेली नाही अशी माणसं. दाखला मागे काय नोंदलं गेलं तेवढंच सांगतो. 2016 मध्ये खारघरच्या एका पाळणाघरात दहा महिन्यांच्या बाळाला मारहाण झाली. ती उघड झाली बाळाच्या अंगावरच्या खुणा घरच्यांनी पाहिल्या म्हणून आणि सीसीटीव्हीचं चित्रण तपासलं म्हणून.

दुसरा आक्षेप: आज रूळ ओलांडते, उद्या काय करेल? लहान गुन्ह्याची पायरी मोठ्या गुन्ह्याकडे जाते, अशी समजूत आपल्याकडे घट्ट आहे. अमेरिकेतल्या आल्फ्रेड ब्लमस्टाइन आणि किमिनोरी नाकामुरा या दोन अभ्यासकांनी न्यूयॉर्क राज्यात 1980 मध्ये पहिल्यांदा अटक झालेल्यांचा पुढच्या अनेक वर्षांचा माग काढला आणि 2009 मध्ये निष्कर्ष मांडले. अठराव्या वर्षी घरफोडी, मारहाण किंवा लूट अशा गुन्ह्यांत अटक झालेला माणूस त्यानंतर स्वच्छ राहिला तर साधारण चार ते आठ वर्षांत त्याच्याकडून नवा गुन्हा घडण्याची शक्यता त्याच्या वयाच्या इतर कुणाहीइतकीच उरते. तो देश वेगळा, पोलीस वेगळे, हे खरं. पण गुन्ह्याची नोंद दुधासारखी दिवसागणिक नासत जात नाही, उलट जुनी होईल तशी तिची धार जाते, ही गोष्ट इथेही विचारात घ्यावी अशी आहे.

तिसरी बाजू आक्षेपात येत नाही, म्हणून ती मांडायला हवी. किरकोळ नोंद कुणावर होते? आधी मुलांच्या कामाला कोण येतं ते पाहू. अंगणवाडीची कल्पना याच भागात रुजली. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी 1945 मध्ये बोर्डीला आणि 1957 पासून कोसबाडच्या टेकडीवर बालशिक्षणाचं काम उभं केलं ते पाड्यापर्यंत जाऊन, अंगणातच शाळा मांडून. मुलांचं काम वस्तीतल्याच बाईच्या हाती असावं, हा विचार आज अंगणवाडी सेविकेच्या भरतीतही आहे. ती स्थानिक रहिवासी असावी लागते. पण वस्तीतली बाई वस्तीचा इतिहासही बरोबर घेऊन येते. गाडीत पिना-क्लिपा विकणारी, पाण्यासाठी मोर्चात बसलेली, टँकरच्या रांगेत भांडलेली. इंग्रजांनी 1871 मध्ये कायदा करून पारध्यांसारख्या कितीतरी जमातींना जन्मतःच गुन्हेगार ठरवलं. तो शिक्का कागदावरून 1952 मध्ये पुसला, पण पोलिसांची नजर तितक्या लवकर बदलली नाही. किरकोळ नोंदी किती, हे माणसाच्या वागण्याइतकंच पोलीस कुठे जास्त पाहतात यावरही ठरतं. सरकारलाही हे कळतं. कोरोनाच्या टाळेबंदीत नियम मोडल्याबद्दल दाखल झालेले भारतीय दंड संहितेच्या कलम 188 खालचे खटले मागे घेण्याचा निर्णय महाराष्ट्राने 2022 मध्ये घेतला, तेव्हा अशा नोंदीमुळे विद्यार्थी आणि तरुणांची अडवणूक होते, हा मुद्दा पुढे होता.

आणि बदलापूर पुन्हा आठवा. 20 ऑगस्ट 2024 ला त्या मुलींसाठी न्याय मागत लोक रुळांवर उतरले, दिवसभर गाड्या बंद राहिल्या आणि शेकडो आंदोलकांवर गुन्हे दाखल झाले. समजा, त्यांतली एखादी मुलगी उद्या विरारला राहायला आली आणि तिने पाळणाघरात अर्ज केला. तिच्यावर नोंद आहे ती मुलांच्या सुरक्षिततेसाठी उभी राहिली म्हणून.

मग मूल सुरक्षित राहतं कशाने? मोठ्या आस्थापनांच्या पाळणाघरांसाठी केंद्राने 2018 मध्ये मार्गदर्शक सूचना काढल्या. त्यात कर्मचाऱ्यांची पोलीस पडताळणी आहेच, पण त्याबरोबर तीन वर्षांखालच्या दहा मुलांमागे किमान एक प्रशिक्षित ताई, आणि मुलं असताना प्लंबर, इलेक्ट्रिशियन, ड्रायव्हर यांना आत प्रवेश नाही, अशा साध्या गोष्टी आहेत. यातली शेवटची बाब दाखल्याच्या कागदाहून मोलाची आहे. गळका नळ दुरुस्त करायला दुपारी तीनला, मुलं झोपलेली असताना, आलेल्या माणसाचा दाखला कुणी पाहिलेला नसतो. मुलाचे कपडे उघड्या दारात, दुसऱ्या ताईच्या नजरेत बदलले जातात का? बाथरूमची कडी बाहेरून दिसते का? आईला, आधी न कळवता, कधीही येता येतं का? मूल एका विशिष्ट व्यक्तीकडे जायला रडतं, तेव्हा ते कुणी वहीत लिहितं का? हे सगळं कोऱ्या दाखल्याच्या बाईलाही तेवढंच लागू असतं, आणि म्हणूनच ते उपयोगी पडतं.

7. तीन अर्ज

समजा, बोळींजच्या एका पाळणाघरात एक जागा आहे आणि तीन अर्ज आले आहेत. पहिलीला चार वर्षांपूर्वी रूळ ओलांडल्याबद्दल रेल्वेच्या न्यायालयात दंड झाला. तिने फॉर्मवर ते स्वतःहून लिहिलं आहे. चार प्रश्न लावून पाहा: प्रकरण क्षुल्लक, निकाल दंडाचा, चार वर्षं झालेली, मुलांशी संबंध नाही. अडचण कुठे आहे? काहीच नाही. उलट, जे कुणाला कळलंही नसतं ते तिने लिहिलं, हा तिच्या बाजूचा मुद्दा. उद्या मुलाच्या कपाळाला टेंगूळ आलं तर तीच ते आईला आधी सांगेल, असं धरायला यात आधार आहे.

दुसरीवर नऊ वर्षांपूर्वी जावेबरोबरच्या भांडणात मारहाणीचा गुन्हा होता, दोष सिद्ध झाला आणि न्यायालयाने हमीवर सोडलं. इथे थांबून वाचायला हवं. निकालाची प्रत मागा आणि भांडणात घरातल्या लहान मुलाला लागलं होतं का ते पाहा. लागलं असेल तर उत्तर बदलतं. दोन मोठ्या बायकांचं भांडण असेल, नंतरच्या नऊ वर्षांत काही नसेल, तर तिला दोन महिने दुसऱ्या ताईबरोबर जोडीने काम द्या, एकटीकडे मुलं सोपवू नका, आणि रडणाऱ्या मुलापुढे तिचा आवाज कसा लागतो ते पाहा. हे पाहणं नव्या येणाऱ्या कुणालाही चुकू नये. तिच्या बाबतीत ते जरा जास्त दिवस चालेल एवढंच.

तिसरीचा दाखला कोरा आहे. वर्षभरात तिने तीन पाळणाघरं बदलली आहेत, आधीच्या जागेचा नंबर मागितला की ‘त्यांनी फोन बदलला’ म्हणते, आणि मुलाखतीत मुलांबद्दल काही विचारलं तर पगाराकडे वळते. तिच्या फाईलवर एकही कलम नाही, म्हणून घाईत असलेली मालकीण बहुधा तिलाच घेईल. घेण्याआधी तिसऱ्या जागेचा नंबर कसाही करून शोधावा, तिथल्या काकूंना फोन लावावा आणि विचारावं: ‘तुमच्याकडे पुन्हा जागा झाली, तर हिला परत घ्याल का?’